क्लच दाबला तरी गिअर पडेना? जुन्या फिरत्या घराचा हायड्रॉलिक क्लच असा तपासा

जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, कुठल्याही गॅरेजात जुनी गाडी नेऊन "गिअर अडतोय" म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "भाऊ, प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." साध्या मिनीबसचा गिअरबॉक्स उतरवणं हे एका दिवसाचं काम आहे. पण जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरवर, मॅटाडोरवर किंवा एखाद्या मिनीबसवर कुणी हौसेनं घर बांधलेलं असेल, तर गोष्ट वेगळी होते. गिअरबॉक्सच्या वरच्या पत्र्यावर ओटा आलेला असतो, खालून पाण्याची टाकी लटकत असते आणि वायरिंगची जुडी नेमकी तिथूनच गेलेली असते. गिअरबॉक्स काढायचा म्हणजे निम्मं घर मोडायचं. आणि एवढं करून प्लेट चांगली निघाली तर?

हायड्रॉलिक क्लचचे बरेचसे दोष गिअरबॉक्सच्या बाहेर असतात: पेडलपासून स्लेव्ह सिलिंडरपर्यंतच्या रस्त्यात. दोष बाहेर आहे की आत, हे एका मापावरून कळतं. ते माप घेतल्याशिवाय कुणालाही गिअरबॉक्सचा बोल्ट सैल करू देऊ नका. या लेखाचा सगळा भर त्या मापावरच आहे.

आधी हे बघा: तुमच्या गाडीत केबल आहे की तेल?

पेडलच्या वरच्या टोकापासून जाड काळी केबल निघून गिअरबॉक्सकडे गेली असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. पेडलमागे फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) लहान सिलिंडर, त्यावर तेलाची छोटी टाकी आणि तिथून खाली जाणारा बारीक धातूचा पाइप दिसला, तर क्लच हायड्रॉलिक आहे. काही गाड्यांत क्लचला वेगळी टाकी नसते, ब्रेकच्याच टाकीच्या कडेला नळी जोडून तेल घेतलेलं असतं. तसं असेल तर क्लचची गळती ब्रेकच्या टाकीतलं तेलही खाली आणते, म्हणून ती आणखी गांभीर्यानं घ्यायची.

यंत्रणा सोपी आहे. दोन सिरिंज एका नळीनं जोडल्या, एक दाबली की दुसरी सरकते, तसंच. पेडल मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलतं, तेल पाइपातून आणि रबरी होजमधून खाली जातं, गिअरबॉक्सच्या कडेला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन बाहेर येतो आणि क्लच फोर्कला रेटतो. फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबतं आणि क्लच प्लेट सुटते.

आता थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समजा स्लेव्हचा बोर, म्हणजे आतल्या पोकळीचा व्यास, २२ मिमी आहे. त्याचं क्षेत्रफळ साधारण ३८० चौरस मिमी. यंत्रणेत फक्त १ सीसी हवा शिरली, तर दाब पडल्यावर ती हवा चेपून जवळजवळ नाहीशी होते आणि तेवढं तेल स्लेव्हपर्यंत पोचतच नाही. १ सीसी म्हणजे १००० घन मिमी. भागिले ३८०, म्हणजे स्लेव्हचा दांडा सुमारे २.६ मिमी कमी सरकतो. एकूण सरकणंच जिथे १५ मिमीच्या आसपास असतं, तिथे अडीच मिमी गेले की क्लच अर्धवट सुटतो. गिअर कर्रकन वाजायला एवढं पुरतं.

खाली शिरण्याआधी

फिरत्या घराला साध्या गाडीचे नियम पुरत नाहीत. २०० लिटरची पाण्याची टाकी भरलेली असेल तर २०० किलो वजन वर आहे, तेही बहुधा एकाच बाजूला. टाकी रिकामी करा. गॅसचा सिलिंडर रेग्युलेटर काढून गाडीबाहेर ठेवा. गाडी सपाट, कडक जमिनीवर लावा. काळ्या मातीच्या शेतात जॅक घुसतो आणि पावसाळ्यात तर अजिबातच भरवसा नाही. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्या. उचलायचीच असेल तर जॅकवर सोडू नका, खाली घोड्या लावा. विटा कधीच नाहीत, त्या भाराखाली अचानक फुटतात.

हायड्रॉलिक क्लचमध्येही बहुधा ब्रेकचंच तेल असतं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. पेडलच्या खाली आणि टाकीच्या भोवती जुना टॉवेल अंथरा, सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता. डोळ्याला चष्मा लावा, खालून बघताना तेल तोंडावरच पडतं.

सीटवर बसून होणारी तपासणी

पहिला प्रश्न: क्लच सुटत नाही की घसरतो? या दोन उलट तक्रारी आहेत. पण गाडीवाले दोन्हीला "क्लच गेला" म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सुटत नसेल तर इंजिन चालू असताना गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना कर्र वाजतं, गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे रेटते. खात्री करायला न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग हळूच रिव्हर्स टाका. तेवढ्या वेळात प्लेट फिरायची थांबलेली असायला हवी. तरी वाजलं तर क्लच पूर्ण सुटत नाही हे नक्की.

घसरत असेल तर उलट होतं. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ३०-४० च्या वेगात एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वर गेला आणि गाडीचा वेग तिथेच राहिला, तर प्लेट घसरतेय. घसरण्याचं कारण बहुतेक वेळा आत असतं, झिजलेली प्लेट किंवा तिच्यावर आलेलं तेल. बाहेरच्याही काही कारणांनी क्लच घसरतो, आणि त्यातलं एक आपल्याकडच्या उन्हात हमखास फसवतं. ते पुढे सविस्तर येईल.

आता पेडलचा स्वभाव पाहा. एकदा दाबून गिअर पडत नाही, पण भराभर चार-पाच पाय मारल्यावर पेडल वर येतं आणि गिअर अलगद पडतो, असं असेल तर हवा आहे किंवा मास्टरचं रबर थकलंय. पेडल कडक आहे, गिअरही पडतो, पण सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की अर्ध्या मिनिटात गाडी हळूहळू सरकू लागते, तर मास्टरच्या आतून तेल मागे झिरपतंय. बाहेर एक थेंब न पडताही असं होतं, म्हणून "गळत तर नाही ना" या उत्तरावर समाधान मानू नका. पेडल दाबल्यावर खालीच राहत असेल किंवा सावकाश वर येत असेल, तर फुगलेला होज, अडकलेला पिस्टन किंवा तुटलेली स्प्रिंग, यांतलं काहीतरी.

गळती शोधायच्या तीन जागा

टाकीतली पातळी आधी पाहा. ब्रेकच्या तेलाची पातळी पॅड-लायनर झिजतील तशी थोडी खाली जाते, क्लचच्या तेलाला तसं कारण नाही. वेगळी टाकी असून तेल घटत असेल तर ते कुठेतरी बाहेर पडतंय.

पहिली जागा पेडलच्या मागे. मास्टरच्या पुशरॉडवरचं (पेडलपासून पिस्टनपर्यंतचा दांडा) रबरी बूट, म्हणजे टोपण, बोटानं मागे सारा. आत ओलं असेल तर मास्टरचं मागचं रबर गेलं. घर बांधणाऱ्यांनी फायरवॉलच्या आतून फोम आणि रेक्झीन लावलेलं असतं, तेल त्यात मुरतं आणि महिनोन्‌महिने कळत नाही. पायाखालची चटई उचलून वास घ्या.

दुसरी जागा स्लेव्हचं बूट. तेही मागे सारून बघा. आत काळं चिकट तेल दिसलं तर रबर आणि बहुधा बोरही खराब आहे. तिसरी जागा पाइपचे जोड आणि होजच्या दोन्ही टोकांच्या बांगड्या. होज हातानं वाकवा, बाहेरून चिरा दिसल्या तर चर्चा न करता बदला. काही गाड्यांत स्लेव्ह बेअरिंगसकट गिअरबॉक्सच्या आतच असतो. तिथे बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीचं घंटेसारखं आवरण) तळाशी ब्रेक ऑइल ठिबकलं तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

ते एक माप

आता मुख्य काम. एक माणूस सीटवर, एक खाली. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना ठोकळे.

स्लेव्हचा दांडा फोर्कला जिथे टेकतो तिथली माती वायर ब्रशनं साफ करा. दांड्यावर खडूनं बारीक रेघ मारा आणि स्लेव्हच्या तोंडापासून रेघेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोजा. वरच्याला सांगा, "दाब. पूर्ण. धरून ठेव." पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्लेव्हची चाल. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा मानायचा. तो मिळाला नाही तर अंदाजासाठी एवढं धरा की अशा गाड्यांत ही चाल साधारण १२ ते २० मिमी असते. त्याच चेसिसची, विना तक्रार चालणारी एखादी गाडी गावात मिळाली तर तिची चाल मोजून आणणं सगळ्यात उत्तम. जुने ट्रॅव्हलर खान्देशात वऱ्हाडाच्या आणि शाळेच्या भाड्यावर अजून सापडतात. पाच मिनिटांचं काम आहे, एक चहा पाजा.

माप घेताना अजून दोन गोष्टी पाहायच्या. पेडल धरून ठेवलेलं असताना दांडा जागेवर राहतो की हळूहळू मागे येतो? मागे आला तर दाब कुठेतरी निसटतोय. बाहेर गळती नसेल तर मास्टरचं आतलं रबर. आणि पेडल सोडल्यावर दांडा लगेच पूर्ण मागे येतो का? रेंगाळला तर होज किंवा स्लेव्हचा पिस्टन.

चाल कमी असेल तर दोष बाहेर आहे, गिअरबॉक्सला हात लावू नका. चाल पूर्ण आहे आणि तरी क्लच सुटत नाही, तर दोष आत आहे. मिस्त्री कितीही जुना-जाणता असला तरी हा आकडा त्याला दाखवा. चांगला मिस्त्री पट्टी बघून लगेच आपलं मत बदलतो. जो पट्टीकडे बघतही नाही त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

चाल कमी आहे: वरून खाली या

लगेच तेलाच्या मागे लागू नका. जुन्या गाडीत आधी लोखंड झिजतं. पेडलची बूश, पुशरॉडला पेडलशी जोडणारी क्लेव्हिस पिन आणि तिचं भोक पाहा. पिन काढल्यावर मधोमध खाच पडलेली दिसेल, भोक गोल न राहता लांबट झालेलं असेल. इथला १ मिमीचा ढिलेपणा मास्टरच्या चालीतून थेट वजा होतो. नवी पिन, आणि भोक भरून पुन्हा गोल पाडून घेतलं की काम झालं. लेथवाल्याकडे हे अर्ध्या तासाचं काम आहे.

मग फायरवॉल. एकजण पेडल दाबत असताना मास्टर जिथे बसवलाय त्या पत्र्याकडे बॅटरी मारून बघा. पत्रा मागे-पुढे हलतोय का? बोल्टच्या भोकांपासून बारीक चिरा निघाल्यात का? तीस-तीस वर्षांच्या गाड्यांत हे दिसतं आणि पेडल जड असेल तर जास्तच दिसतं. पायाची निम्मी ताकद पत्रा वाकवण्यात जाते. आतून जाड पट्टी लावून वेल्डिंग करून घ्या, पण आधी गाडीच्या बॅटरीची तार सुटी करा, आणि मास्टर, फोम, रेक्झीन काढून मगच वेल्डिंगचा माणूस बोलवा.

लोखंड ठीक निघालं तर मास्टरची परीक्षा. मास्टरचा बाहेर जाणारा पाइप सोडवून तिथे त्याच आट्याचा डमी बोल्ट बसवा. टाकीत तेल घाला, पेडल हळूहळू दाबून मास्टरमधली हवा काढा, डमी घट्ट करा आणि पेडल दाबा. दगडासारखं कडक लागलं आणि मिनिटभर तिथेच राहिलं तर मास्टर चांगला, दोष खाली आहे. हळूहळू बसत गेलं तर मास्टरच. आटे मात्र तपासा: मेट्रिक गाड्यांत बहुधा १० मिमीचा बारीक आटा असतो, इंग्लिश वळणाच्या जुन्या गाड्यांत ३/८ इंचाचा. दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात आणि जबरदस्तीनं एकमेकांत जातातही. मग मास्टर भंगारात जातो.

स्लेव्हला फोर्कशी जोडणारा दांडा ॲडजस्टेबल आहे का तेही पाहा. तसा असेल तर फोर्कला ओढून धरणारी स्प्रिंग असते आणि तिथे २-३ मिमीचा प्ले, म्हणजे मोकळीक, ठेवायचा असतो. प्लेट झिजते तसा हा प्ले कमी होत जातो आणि संपला की क्लच घसरू लागतो. ॲडजस्टमेंट नसलेल्या गाड्यांत ती बाहेरची स्प्रिंग मुळात नसतेच. कुणीतरी "स्प्रिंग पडली वाटतं" म्हणून नवी लावलेली असली तर ती स्लेव्हचा पिस्टन गरजेपेक्षा मागे रेटते आणि पेडलची अर्धी चाल नुसती ती जागा भरण्यात जाते. अशी स्प्रिंग काढून टाकली की क्लच जाग्यावर येतो.

सकाळी चांगला, दुपारी घसरणारा क्लच

खान्देशातल्या उन्हाळ्यासाठी हा भाग वेगळा लिहितोय. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. रस्त्याचा आणि इंजिनच्या कप्प्याचा ताप त्याहून कितीतरी जास्त.

मास्टर सिलिंडरच्या आत टाकीला जोडणारं एक सुईएवढं भोक असतं. पेडल पूर्ण वर असताना ते उघडं राहतं, म्हणजे तापून फुगलेलं तेल टाकीत परत जाऊ शकतं. पेडल दाबलं की पिस्टनचं रबर या भोकापुढे सरकतं, ते बंद होतं आणि मग दाब तयार होतो. पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात साधारण १ मिमी मोकळीक यासाठीच ठेवायची असते. पेडलवर ती पाच-सहा पट दिसते, म्हणजे पेडल पहिले ५-६ मिमी अगदी हलकं जायला हवं.

एका ओळखीच्यांची गाडी पारोळ्याजवळ ऐन दुपारी ओढेनाशी झाली. मालकाची तक्रार मोजक्या शब्दांत होती: "सकायले बेस चालस, दुपारले ओढतच नही." दोनच आठवड्यांपूर्वी नवीन मास्टर बसवला होता आणि बसवणाऱ्यानं "पेडल वरच लागायला पाहिजे" म्हणून पुशरॉड ताणून ठेवला होता. मोकळीक शून्य. सकाळी तेल थंड असायचं, तोवर काही नाही. दुपारी तेल फुगलं, परतीचं भोक बंद, स्लेव्ह आपोआप थोडा बाहेर आला आणि क्लच अर्धवट दाबलेला राहिला. खाली जाऊन स्लेव्हचं ब्लीडर निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल केलं, तेलाची पिचकारी उडाली, फोर्क डोळ्यादेखत मागे आला आणि गाडी ओढू लागली. मग पुशरॉडचा लॉकनट सोडून मोकळीक दिली. प्लेट वाचली, पण तसाच अजून काही दिवस चालवला असता तर जळलीच असती.

निपल सोडल्यावर दाब असल्यासारखं तेल उडालं, तर एवढ्यानं निदान संपत नाही. पुशरॉडला मोकळीक असूनही असं होत असेल तर होज आतून फुगलाय. आतलं रबर सुजून झडप बनतं, तेल जाऊ देतं पण येऊ देत नाही. असा होज बाहेरून अगदी नवा दिसू शकतो.

तेल कोणतं

टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४ चालतं आणि ही दोन्ही एकमेकांत मिसळली तरी बिघडत नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यांत मिसळू नका. ५.१ चा आकडा जवळचा वाटला तरी ते पुन्हा ग्लायकॉलचंच असतं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, जॅकचं तेल, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल, यांतला एक चमचाही घालू नका. ब्रेक ऑइलसाठी केलेली रबरं खनिज तेलात फुगतात आणि मास्टर, स्लेव्ह, होज सगळंच बदलावं लागतं. गावाकडे रात्री-अपरात्री "काहीतरी घाला, गाडी पोचवा" म्हणून हे सर्रास होतं. त्यापेक्षा टाकी रिकामी राहिलेली परवडली. काही युरोपियन गाड्यांना खनिज तेलच लागतं, त्यांच्या झाकणावर तसं लिहिलेलं असतं, तिथे नियम बरोबर उलटा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवं, ओल शोषलेल्यासाठी तीच मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. क्लचचं तेल ब्रेकइतकं तापत नाही, पण पाइप सायलेन्सरच्या जवळून नेलेला असेल तर घाटात वाफ होऊ शकते. ओलीनं दुसरं नुकसान जास्त होतं, आतून गंज. फिरतं घर वर्षातले कित्येक महिने उभं असतं आणि पावसाळ्यात तर हमखास. दोन वर्षांनी तेल बदलाच.

किट टाकायचं की सिलिंडर बदलायचा

मास्टर-स्लेव्हचं रबर किट स्वस्त मिळतं आणि मोह होतो. पण सिलिंडर उघडल्यावर आधी बोर पाहा. स्पिरिटनं किंवा ताज्या ब्रेक ऑइलनं पुसून, उजेडात धरून, बोटाचं नख आतून फिरवा. नख कुठे अडकलं, काळा खड्डा दिसला, तर किट महिनाभरही टिकणार नाही. नुसता डाग असेल आणि नख अडकत नसेल तर बारीक एमरीनं गोल-गोल फिरवून साफ करा, उभ्या रेघा पाडू नका. पेट्रोल-डिझेलनं रबरं धुवायची नाहीत.

भाग मिळतच नसेल तर चांगल्या लेथवाल्याकडून बोर मोठा करून स्टेनलेसची किंवा पितळेची स्लीव्ह बसवून मूळ मापावर आणता येतो. दुसऱ्याच गाडीचा स्लेव्ह बसवण्याआधी बोरचं माप जुळवा. बोर मोठा झाला की पेडल हलकं होतं पण चाल घटते. १९ मिमीच्या मास्टरनं २२ ऐवजी २५ चा स्लेव्ह ढकलायचा म्हणजे चाल जवळजवळ पाव हिश्शानं कमी होते.

हवा काढणं

क्लचची लाइन छोटी असते, म्हणून लोक घाई करतात. हवा स्लेव्हच्या वरच्या कोपऱ्यात किंवा पाइप जिथे उंटासारखा वर वळलाय तिथे अडकते.

१. टाकी भरा. काम चालू असताना ती एकदाही तळाला जाऊ देऊ नका, गेली तर पहिल्यापासून सुरुवात. टाकी कपाटामागे दडलेली असेल तर तिसरा माणूस तिथे बसवा.

२. निपल साफ करा आणि रिंग पान्यानंच सोडवा. फिक्स पान्यानं त्याचे कोपरे मरतात. गंजलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

३. निपलला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक थोडं नवं तेल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवा.

४. वरचा पेडल हळू दाबतो आणि "दाबला" म्हणतो. खालचा अर्धा फेरा सोडतो, बुडबुडे बघतो, बंद करतो, मग "सोड" म्हणतो. हा क्रम उलटला की बाहेरची हवा आत जाते. पेडल आपटू नका, फेस होतो.

५. बुडबुडे थांबेपर्यंत आणि तेल स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा. अर्ध्या लिटरचा डबा सहसा पुरतो.

एवढं करूनही पेडल स्पंजसारखं लागत असेल तर ही युक्ती करा. स्लेव्ह पाइपसकट जागेवरून सोडवा, निपलचं आणि पाइपचं टोक वर येईल असा हातात धरा आणि दांडा अंगठ्यानं अगदी सावकाश आत दाबा. अडकलेली हवा उलट्या दिशेनं टाकीत जाऊन बुडबुडते. दोन-चारदा करा. मात्र स्लेव्ह सोडवलेला असताना चुकूनही कुणी पेडल दाबू नये, पिस्टन बंदुकीसारखा बाहेर येतो. सीटवर कुणाला बसूच देऊ नका, विशेषतः पोरांना.

शेवटी पुन्हा चाल मोजा. पेडल कसं "वाटतं" यावर विश्वास ठेवू नका.

चाल पूर्ण आहे आणि तरी सुटत नाही

आता आतले संशयित. गाडी पावसाळाभर उभी होती आणि आता अचानक गिअर पडत नाही, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागचं जड चाक) चिकटली असण्याची शक्यता मोठी. बॉक्स उतरवण्याआधी एक प्रयत्न करता येतो. इंजिन चांगलं गरम करा, मोठ्या मोकळ्या मैदानात गाडी न्या, पुढे माणूस-जनावर नको. इंजिन बंद करून दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारा. गाडी चालू लागेल. क्लच दाबूनच ठेवा आणि ॲक्सिलरेटर सोड-दाब करा, मध्येच हलका ब्रेक द्या. प्लेट सुटली तर झटका जाणवतो. पाच मिनिटांत सुटली नाही तर थांबा, स्टार्टर जाळू नका.

बेअरिंगचा आवाजही बोलतो. क्लच दाबल्यावर किरकिर येत असेल तर रिलीज बेअरिंग. क्लच दाबून गिअरमध्ये उभी असताना आवाज येत असेल आणि गाडी थोडी ओढतही असेल, तर फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग जाम होऊन शाफ्ट सोबत फिरवतंय. फोर्कला तडा असेल तर दांडा पूर्ण सरकतो पण फोर्क नुसता वाकतो. बेलहाउसिंगवरचं रबर काढून बॅटरीनं आत पाहिलं तर काही गाड्यांत हे दिसतं.

बॉक्स उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सील, पाचही एकदमच बघा. ओटा पुन्हा बसवताना खाली झाकण ठेवा, स्क्रूनं बसवलेलं, खिळ्यांनी नाही.

रस्त्यात क्लच गेला तर

जळगाव-धुळ्यासारख्या सपाट रस्त्यावर घरापर्यंत येता येतं. इंजिन बंद, पहिला गिअर, हँडब्रेक खाली, पुढे मोकळं, स्टार्टर मारा. गाडी झटके देत निघेल आणि इंजिन धरेल. वर जाताना ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रल करा, इंजिनचा आवाज उतरू द्या आणि पुढचा गिअर जबरदस्ती न करता बोटांच्या दाबानं टाका. थांबायचं असेल तर लांबूनच न्यूट्रल. गावातला बाजार, रेल्वे फाटक, टोलची रांग टाळून वेळ निवडा.

चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट, धुळ्याचा लळिंग, तोरणमाळची चढण, इथे मात्र हा प्रयोग नको. क्लचशिवाय चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा निघत नाही आणि उतारावर चुकून न्यूट्रलमध्ये राहिली तर इंजिन ब्रेक मिळत नाही. कडेला लावा, ठोकळे द्या, टोचनवाल्याला फोन करा.

गाडीत ठेवायचं सामान थोडंच आहे: डॉट ४ चा सीलबंद डबा, स्लेव्हचं किट, निपलला बसणारा रिंग पाना, दोन फूट पारदर्शक नळी, एक जादा क्लेव्हिस पिन, तांब्याचे वॉशर, स्टीलची पट्टी आणि खडू. डबा एकदा फोडला की उरलेलं तेल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. डिस्क ब्रेकच्या मोटारसायकली गावोगाव झाल्यापासून डॉट ३ किंवा डॉट ४ ची छोटी बाटली यावल-रावेरपासून तळोद्यापर्यंत टू-व्हीलरच्या दुकानात मिळते. क्लचसाठी तीच चालते, फक्त सील फोडलेली नाही ना ते बघून घ्या.